व्ह्यूफाइंडरमध्ये स्पष्ट, रोलवर आऊट: दोष खरंच लेन्सचा आहे का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. वडिलांचा पेंटॅक्स के १००० तुम्ही खानापूरच्या घरातल्या कपाटातून बाहेर काढलात. लेन्स त्याच्याबरोबरचीच, ५० मि.मी. एफ २. व्ह्यूफाइंडरमध्ये बुरशीचे ठिपके दिसत होते म्हणून मागच्या वर्षी एका दुकानातून तो साफ करून आणलात. त्यानंतर दोन रोल काढले. दिवसा काढलेले शेताचे, देवळाचे फोटो चांगले आले. संध्याकाळी घरात काढलेले आजीचे फोटो मात्र सगळे आऊट. फोटो काढताना व्ह्यूफाइंडरमध्ये आजीच्या चष्म्याची काडीसुद्धा स्पष्ट दिसत होती. निगेटिव्हवर मात्र आजी धूसर, आणि तिच्या मागे हात-दीड हातावर असलेल्या भिंतीवरचं कॅलेंडर तारखा वाचता येतील इतकं स्वच्छ. एकाने सांगितलं, लेन्स गेली, दुसरी घ्या. दुसऱ्याने सांगितलं, आरशाजवळचा बारीक स्क्रू जरा फिरवून बघा. आता काय करू, असं तुम्ही विचारताय.

स्क्रू फिरवू नका आणि लेन्सही घेऊ नका. का ते सविस्तर सांगतो, कारण हे एकदा समजलं की कुणी काहीही सांगितलं तरी खरं-खोटं तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

बेळगावात कॅमेरा दुरुस्तीच्या टेबलाशी बसून मला पस्तीस वर्षं झाली. सुरुवातीला गिऱ्हाईक म्हणजे लग्नाचे फोटोग्राफर आणि स्टुडिओवाले, निपाणी-चिकोडी-संकेश्वरपासून पलीकडे गडहिंग्लज-चंदगडपर्यंतचे. आता येतात ते बहुतेक तुमच्यासारखे, वडिलांचा नाही तर मामाचा कॅमेरा घेऊन. तक्रार मात्र तेव्हाचीच आहे, “फोटो आऊट येऊलालेत ओ.” या एका वाक्यामागे निदान पाच वेगवेगळे आजार असू शकतात. म्हणून मी कॅमेरा हातात घेण्याआधी निगेटिव्ह मागतो. प्रिंट नको, मोबाइलवर आलेलं स्कॅनही नको, कारण स्कॅन करतानाच फोकस चुकलेला असू शकतो. निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरायची आणि घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसल्या भिंगातून बघायची.

भिंगातून बघताना एकच प्रश्न विचारायचा: या चौकटीत कुठे तरी, काही तरी धारदार आहे का?

काहीच धारदार नसेल आणि दिव्याच्या ठिपक्यांच्या एकाच दिशेने रेघा झाल्या असतील, तर हात हललाय. घरात ट्यूबलाइटच्या उजेडात शटर १/१५ किंवा १/३० सेकंदावर ठेवून, कॅमेरा हातात धरून काढलेल्या फोटोंत हे सर्रास होतं, आणि लोक त्याला फोकसचा दोष समजतात. सगळं जागच्या जागी आहे पण उजळ भागाभोवती दुधासारखी साय पसरलीय, असं असेल तर लेन्सच्या आत बुरशी किंवा तेलकट थर आहे. प्रत्येक फोटोत एकच बाजू, समजा कायम उजवी, मऊ येत असेल तर लेन्समधलं एखादं भिंग तिरकं बसलंय किंवा कॅमेरा कधी तरी पडलाय. मऊपणा एका फ्रेममध्ये आहे, पुढच्यात नाही, जागाही बदलतेय, तर मागच्या दारावरची फिल्म दाबणारी पट्टी आणि तिची स्प्रिंग बघायची.

आणि पाचवा प्रकार तुमचा. ज्यावर फोकस केला ते धूसर, पण त्याच्या पुढचं किंवा मागचं काही तरी स्वच्छ.

तुमच्या फोटोतलं कॅलेंडर वाचता येतंय, या एका गोष्टीने बराच निकाल लागतो. हात हलला असता तर कॅलेंडरही हललं असतं. लेन्सवर बुरशी असती तर कॅलेंडरवरही साय आली असती. लेन्स “गेली” असती तर तारखा वाचता आल्याच नसत्या. तुमच्या लेन्सने धारदार चित्र काढलंय, फक्त ते चुकीच्या अंतरावरचं आहे.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. असं एखाद्याच फ्रेममध्ये झालं असेल तर कॅमेऱ्याला दोष देता येणार नाही. फोकस केल्यावर आजी जरा पुढे झुकल्या असतील, किंवा तुमचंच शरीर दहा-बारा सेंटिमीटर पुढे झुललं असेल. एफ २ वर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक (ॲपर्चर) पूर्ण उघडं असताना, तेवढं पुरतं. पण तुम्ही लिहिताय की सहाही फोटोंत असंच आहे आणि प्रत्येक वेळी मागचंच स्पष्ट आलंय. माणसाची चूक कधी पुढे पडते, कधी मागे. नेहमी एकाच बाजूला पडणारी चूक यंत्राची असते.

आता यंत्रात नेमकी कुठे, ते बघू. तुमचा कॅमेरा एसएलआर आहे, म्हणजे बघायला आणि फोटो काढायला एकच लेन्स. लेन्समधून आत आलेल्या उजेडाला दोन वाटा आहेत. आरसा खाली असताना उजेड आरशावर आपटून वर, प्रिझमच्या (कॅमेऱ्याच्या वरच्या कुबडातल्या काचेच्या) खाली बसवलेल्या दुधी स्क्रीनवर जातो, आणि डोळ्याला दिसतं ते त्या स्क्रीनवर उमटलेलं चित्र. कळ दाबली की आरसा उचलला जातो आणि तोच उजेड सरळ मागे फिल्मवर पडतो. या दोन्ही वाटा लांबीला अगदी सारख्या असल्या पाहिजेत. पेंटॅक्सच्या के माउंटला लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत ४५.४६ मि.मी. हे अंतर ठरलेलं आहे. बैठकीपासून आरशावरून वर स्क्रीनपर्यंत मोजलं तरी तेवढंच भरलं पाहिजे.

लेन्स या दोन वाटा फुटण्याच्या आधी बसलेली आहे. म्हणून लेन्समध्ये काहीही चुकलं, आतलं भिंग उलटं बसलं, सर्व्हिसिंगनंतर फोकसचे आटे चुकीच्या जागी धरले गेले, बैठकीचे स्क्रू ढिले झाले, तरी त्याचा परिणाम स्क्रीनवर आणि फिल्मवर सारखाच होतो. लेन्समुळे फोटो धूसर येणार असेल तर व्ह्यूफाइंडरमध्येही धूसरच दिसेल. व्ह्यूफाइंडरमध्ये स्पष्ट आणि रोलवर आऊट, असं दुमत झालं की दोष वाट फुटल्यानंतरचा, म्हणजे आरसा, स्क्रीन किंवा फिल्मची बैठक या तिघांपैकी कुणाचा तरी. नवी लेन्स आणलीत तर तीही आजींना सोडून कॅलेंडरच टिपेल.

मग दिवसाचे फोटो चांगले कसे आले? याचं उत्तर थोड्या हिशोबात आहे, आणि तो हिशोब मला फार महत्त्वाचा वाटतो. ५० मि.मी. लेन्सने २ मीटरवरच्या माणसावर फोकस केला असताना फिल्मच्या बाजूला फक्त ०.१ मि.मी. चूक झाली, तरी समोरचा फोकस सुमारे १६ सें.मी. मागे सरकतो. चूक ०.२ मि.मी. झाली तर सुमारे ३६ सें.मी., म्हणजे जवळजवळ तुमच्या आजींपासून कॅलेंडरपर्यंत. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मि.मी. जाड असतो. दोन कागदांच्या जाडीइतकी चूक आणि आजीच्या जागी भिंत.

एफ २ वर ही चूक लपत नाही, कारण २ मीटरवर स्पष्ट दिसणारा पट्टा चेहऱ्याच्या पुढे-मागे जेमतेम नऊ-नऊ सें.मी. असतो. फिल्मच्या बाजूने बघितलं तर ०.०६ मि.मी. पर्यंतची चूक खपते, त्यापुढची दिसते. ॲपर्चर बारीक केलं की सूट वाढत जाते. एफ ८ वर ती ०.२४ मि.मी. होते, एफ ११ वर ०.३३. तुम्ही शेताचे फोटो भर उन्हात एफ ८ किंवा एफ ११ वर काढले असणार. चूक तेव्हाही होती, पण झाकली गेली. घरात उजेड कमी म्हणून ॲपर्चर पूर्ण उघडलंत आणि ती बाहेर आली. “दिवसा चांगला, रात्री आऊट” अशी तक्रार ऐकली की माझं लक्ष म्हणूनच आधी आरसा आणि स्क्रीनकडे जातं.

चूक कुठल्या बाजूची आहे यावरूनही बरंच कळतं. स्क्रीन असायला हवी त्यापेक्षा वर बसली असेल, किंवा आरसा जरुरीपेक्षा खाली टेकत असेल, तर वरची वाट लांब होते आणि फोटोत मागचं स्पष्ट येतं. आरसा पुरता खाली येत नसेल तर वरची वाट आखूड होते आणि फोटोत पुढचं स्पष्ट येतं. तुमच्याकडे मागचं स्पष्ट येतंय. त्यात व्ह्यूफाइंडर साफ करताना प्रिझम काढलेलं असणार, कारण या कॅमेऱ्याची स्क्रीन बाहेरून बदलण्यासाठी बनवलेलीच नाही, वरचं झाकण आणि प्रिझम काढल्याशिवाय तिच्याशी पोचता येत नाही. म्हणून माझा पहिला संशय असा, की स्क्रीन परत बसवताना ती चौकटीत पूर्ण टेकलेली नाही, किंवा कडेखाली एखादा कण राहिलाय, किंवा उंची जुळवण्याच्या पातळ पट्ट्यांत काही तरी इकडचं तिकडे झालंय. स्क्रीनची दुधी बाजू खाली, आरशाकडे असावी लागते. ती उलटी बसली असती तर चूक मिलिमीटरच्या घरात गेली असती आणि दिवसाचे फोटोही बिघडले असते. म्हणून उलटी बसल्याची शक्यता मी धरत नाही.

जाता जाता एक सांगतो. व्ह्यूफाइंडरमधली धूळ आणि बुरशी फोटोत कधीच उमटत नाही, कारण फोटो काढताना ती वाट बंद असते. खानापूर-जांबोटीच्या पावसाळ्यात प्रिझमखाली दोन-चार ठिपके येणारच. दिसायला त्रास होत नसेल तर फक्त तेवढ्यासाठी कॅमेरा उघडायला देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. लेन्सच्या आत बुरशी आली तर मात्र थांबू नका, ती काच खाते.

आता संशयाची खात्री करायची. घरच्या घरी, एकही स्क्रू न उघडता, तीन गोष्टी करता येतात.

सगळ्यात आधी स्वतःचा डोळा. लेन्स काढा आणि कॅमेरा उजळ भिंतीकडे धरून व्ह्यूफाइंडरमधून बघा. मध्ये मायक्रोप्रिझमचं, म्हणजे फोकस बघायच्या बारीक दाण्यांचं, गोल वर्तुळ आहे, त्याची कड रेखीव दिसते का? स्क्रीन डोळ्याला साधारण मीटरभर लांब असल्यासारखी दिसते. चाळिशी लागलेल्यांना किंवा लांबचा नंबर असलेल्यांना ती कड पुसट दिसू शकते. तसं असेल तर चष्मा लावून बघा. डोळाच स्क्रीनवर नीट जुळत नसेल तर पुढच्या कुठल्याच परीक्षेला अर्थ नाही. माझ्याकडे आलेल्या कितीतरी कॅमेऱ्यांना काहीही झालेलं नव्हतं. मालकाने चष्मा बदलला होता, किंवा बदलायला हवा होता.

दुसरी परीक्षा डोंगराची. लेन्स परत लावा, ॲपर्चर एफ २ वर ठेवा, फोकसची रिंग अनंताच्या खुणेवर टेकेपर्यंत फिरवा आणि निदान अर्ध्या किलोमीटरपलीकडचं काही तरी बघा. मी गच्चीवर जाऊन येळ्ळूरचा राजहंसगड धरतो. तुम्हाला पश्चिमेकडची सह्याद्रीची कड आहे, नाही तर एखादा मोबाइलचा टॉवर. टॉवर जास्त बरा, त्याच्या पट्ट्या बारीक असतात. रिंग टोकाला टेकलेली असताना टॉवर पूर्ण स्पष्ट दिसला पाहिजे. दिसत नसेल, रिंग अजून किंचित पुढे जायला हवी होती असं वाटत असेल, तर वरची वाट लांब झालीय. उलट, टोकाला पोचण्याआधीच स्पष्ट होऊन टोकाला गेल्यावर पुन्हा धूसर होत असेल, तर ती आखूड आहे. तुमच्या बाबतीत पहिलं दिसेल असा माझा अंदाज आहे. मात्र एवढ्यावरच निकाल देऊ नका. लेन्सचं टोक चुकीचं बसवलं असेल तरीही व्ह्यूफाइंडरमध्ये असंच दिसतं. त्या दोहोंतला फरक फक्त फिल्मच्या जागी बघितल्यावर कळतो.

तिसरी परीक्षा फिल्मच्या जागेची, आणि खरा निकाल हीच देते. रोल पुण्याला नाही तर बंगळूरला धुवायला पाठवायचा, आठ-पंधरा दिवस वाट बघायची, आणि मग कळणार की अजून चुकतंय, हे परवडत नाही. म्हणून फिल्मच्या जागी दुधी काच ठेवून बघायचं. काच कापणाऱ्याकडून पातळ दुधी काचेचा एक तुकडा कापून घ्या, रुंदी ३४ मि.मी. आणि लांबी ५० मि.मी. च्या आसपास. रुंदी इथे महत्त्वाची आहे. कॅमेऱ्याचं मागचं दार उघडल्यावर फिल्मच्या खिडकीच्या वर आणि खाली रुळांच्या दोन-दोन जोड्या दिसतील. आतल्या रुळांवर फिल्म बसते. बाहेरचे रूळ किंचित उंच असतात, साधारण ०.२ मि.मी., आणि त्यांच्यावर दाराची पट्टी टेकते. काच रुंद झाली तर ती बाहेरच्या रुळांवर चढेल आणि आपण जी चूक शोधतोय तेवढीच चूक परीक्षेतच घुसेल. फिल्म ३५ मि.मी. रुंद असते, काच तिच्यापेक्षा थोडी अरुंद ठेवली की ती आतल्या रुळांवर बरोबर बसते. दुधी बाजू लेन्सकडे. काच नाहीच मिळाली तर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवतात, पण तो सैल पडतो आणि फसवतो, म्हणून मी काचेचाच आग्रह धरतो.

कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवा. समोर बरोबर २ मीटरवर वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवा. व्ह्यूफाइंडरमधून मथळ्याखालच्या बारीक अक्षरांवर फोकस करा आणि रिंगला हात न लावता शटर बी वर आणा, म्हणजे कळ दाबलेली असेपर्यंत ते उघडं राहील. केबल रिलीज (कळ लांबून दाबायची वायर) लावून कळ दाबून धरा, तिचा छोटा स्क्रू आवळला की शटर उघडंच राहतं. आता मागून काचेवर भिंग टेकवून बघा. डोक्यावर काळं कापड घ्या, आपले जुने स्टुडिओवाले घ्यायचे तसं. भिंग नसेल तर दुसरी कुठलीही ५० मि.मी. लेन्स उलटी धरली तरी ती पाचपट मोठं दाखवते. अक्षरं काचेवर तितकीच रेखीव दिसली तर वाटा सारख्या आहेत आणि माझं निदान चुकलंय. धूसर दिसली तर रिंग हळूहळू फिरवून काचेवर अक्षरं स्पष्ट करा आणि रिंगवरचा आकडा बघा. व्ह्यूफाइंडरने सांगितलेला आकडा आणि काचेने सांगितलेला आकडा यांतला फरक म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याचा दोष, मोजलेला. कागदावर लिहून ठेवा. मग काच तशीच ठेवून रिंग अनंतावर आणा आणि तो टॉवर काचेवर बघा. काचेवर टॉवर स्पष्ट असेल तर लेन्स पूर्ण निर्दोष, एवढं पक्कं झालं.

हे सगळं करायला तासभर लागेल. शटर बी वर असताना फुंकर मारू नका, आत बोट घालू नका. तुमच्या कॅमेऱ्याचं शटर कापडी आहे.

आता दुरुस्तीकडे. सरळ सांगतो, हे काम घरी करू नका. बाकी बऱ्याच गोष्टी मी लोकांना स्वतः करा म्हणतो, ही नाही. झाकणाखाली उजेड मोजणाऱ्या मीटरच्या नाजूक तारा आहेत, प्रिझमवरच्या चांदीला ओरखडा पडला की तो कायमचा, आणि स्क्रीन प्लास्टिकची आहे. तिच्यावर स्पिरिट लावलं किंवा कापडाने पुसलं तर तिचे बारीक काटे जातात. रबरी फुग्याने हवा मारायची, त्यापलीकडे काही नाही. आरशाचंही तसंच. त्याची चांदी काचेच्या मागे नाही, पुढे आहे.

पण मेकॅनिककडे जाताना काय सांगायचं हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे, कारण इथे एक चूक फार होते आणि ती मी डोळ्यांनी बघितलीय. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांचा असाच के १००० माझ्याकडे आला होता. तोही व्ह्यूफाइंडर साफ करून आलेला, त्यालाही लांबचं स्पष्ट दिसत नव्हतं. ते पुन्हा त्याच दुकानात गेले. तिथल्या कारागिराने व्ह्यूफाइंडरमध्ये लांबचं झाड धूसर दिसतंय हे बघून लेन्सचं अनंताचं टोक ढिलं केलं, झाड स्पष्ट होईपर्यंत सरकवलं आणि पुन्हा आवळलं. व्ह्यूफाइंडर खूश, गिऱ्हाईक खूश. रोल आल्यावर दिसलं की लांबचा एकही फोटो नीट नाही. आधी फक्त स्क्रीन चुकलेली होती, लेन्स ठीक होती. आता दोन्ही चुकलेल्या. मला आधी लेन्स परत जागेवर आणावी लागली आणि मगच स्क्रीन. त्या गृहस्थांनी मधल्या काळात मुलीच्या बारशाचा रोल काढला होता. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी लेन्स आणि फिल्म यांचं जुळवायचं, दुधी काचेवर बघून. ते बरोबर आहे याची खात्री झाली की मग स्क्रीन आणि आरसा त्या फिल्मशी जुळवायचे. व्ह्यूफाइंडरसाठी लेन्सला कधीही हात लावायचा नाही. तुमच्या मेकॅनिकला विचारा, तुम्ही काच ठेवून बघता का? हो म्हणाला तर कॅमेरा द्या. व्ह्यूफाइंडरमधून बघून सांगतो म्हणाला तर कॅमेरा घेऊन परत या.

आरशाजवळचा तो बारीक स्क्रू म्हणजे काय, तेही सांगतो. बऱ्याच एसएलआरमध्ये आरसा खाली येऊन एका छोट्या खिळ्यावर टेकतो. हा खिळा मध्यापासून जरा बाजूला घडवलेला असतो, फिरवला की आरशाचा कोन केसभर बदलतो. कारखान्यात शेवटची जुळणी याच्यावर करतात. कोन बदलला की फक्त अंतर बदलत नाही, व्ह्यूफाइंडरच्या वरच्या आणि खालच्या भागातला फोकसही वेगवेगळा होतो, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये दिसलेली चौकट रोलवर वर-खाली सरकते. स्क्रीनची चूक आरशाने भरून काढायला गेलात तर मध्यभाग जुळेल आणि कडा फसवतील. म्हणून मी आधी स्क्रीन बघतो. खिळ्याला हात लावायचीच वेळ आली तर आधी त्याच्या जागेची खूण करून ठेवतो.

आरशाचा खरा दोष कसा दिसतो याचं एक उदाहरण माझ्या कायम लक्षात राहिलंय. चिकोडीकडचे लग्नाचे एक फोटोग्राफर आले होते. नवरीच्या फोटोत गळ्यातला हार एकेक पाकळी मोजता येईल इतका स्पष्ट, आणि डोळे मऊ. प्रत्येक फोटोत तसंच. म्हणजे तुमच्या उलट, पुढचं स्पष्ट. आरसा बाजूने उजेड टाकून बघितला, तर तो खिळ्यावर टेकतच नव्हता. आरसा वर आपटतो तिथे फोमची एक बारीक पट्टी असते, धक्का शोषायला. ती वर्षांनुवर्षं विरघळून डांबरासारखी चिकट झाली होती, आणि त्यातला एक कण ओघळून खिळ्यावर बसला होता. लाकडी टूथपिकच्या टोकाला जरासं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो कण काढला, नवी पट्टी लावली. बाकी काहीच केलं नाही. तुमच्या कॅमेऱ्यातही ती पट्टी एकदा बघाच. के १००० हा १९७६ ते १९९७ पर्यंत बनत होता, म्हणजे सगळ्यात नवा घेतला तरी फोम विरघळायच्या वयाचा आहे. बोटाने दाबू नका, काडीच्या टोकाने हलकेच स्पर्श करा. काळं चिकटलं तर पट्टी बदलायची वेळ झालीय, आणि कॅमेरा उघडलाच आहे तर तेही काम त्याच वेळी करून घ्या.

हे सगळं एसएलआरला लागू आहे. तुमच्या कुणा मित्राकडे यशिकाचा मॅट १२४ जी असेल तर त्याला हा युक्तिवाद सांगू नका. त्यात बघायची लेन्स वेगळी आणि फोटो काढायची वेगळी, त्यामुळे तिथे एका लेन्सचा दोष दुसरीला कळत नाही, आणि व्ह्यूफाइंडर स्पष्ट असूनही लेन्स दोषी असू शकते. यशिका इलेक्ट्रोसारख्या रेंजफाइंडरमध्ये तर मधलं पिवळं चित्र फक्त अंतर मोजतं, लेन्समधून काही बघतच नाही. पण दुधी काचेची परीक्षा तिथेही हीच, आणि निकालही तिचाच.

दुरुस्ती होईपर्यंत कॅमेरा बंद ठेवायची गरज नाही. उन्हात एफ ११ वर बिनधास्त फोटो काढा. आजींचा फोटो हवाच असेल तर त्यांना अंगणात उजेडात बसवा, व्ह्यूफाइंडरवर विसंबू नका, टेपने अंतर मोजा आणि रिंगवर तो आकडा लावा. रिंगवरचे आकडे लेन्स आणि फिल्म यांच्यातले आहेत, स्क्रीनशी त्यांचा संबंध नाही, त्यामुळे टॉवरची परीक्षा पास झालेल्या लेन्सवर ते खरेच सांगतील. टेप मात्र लेन्सच्या टोकापासून नाही, कॅमेऱ्याच्या पाठीपासून धरा, कारण अंतर फिल्मपासून मोजायचं असतं.

आणि दुरुस्ती झाल्यावर मेकॅनिकच्या शब्दावर राहू नका, माझ्याही नाही. पडवीत सात काडेपेट्या उभ्या करा, प्रत्येकी १५ सें.मी. मागे आणि जरा बाजूला, म्हणजे कॅमेऱ्यातून सातही दिसतील. प्रत्येकीवर मोठा आकडा लिहा. चौथी बरोबर २ मीटरवर ठेवा. दिवसा काढा, म्हणजे एफ २ वरसुद्धा १/५०० मिळेल आणि हात हलण्याचा प्रश्न उरणार नाही. चौथीवर फोकस करून पाच फ्रेम काढा, दर वेळी रिंग पूर्ण फिरवून फोकस नव्याने करा. तीन वेळा लांबून जवळ येत, दोन वेळा जवळून लांब जात. हे आत्ता, दुरुस्तीआधीही एकदा करून ठेवलंत तर फार बरं, म्हणजे आधीची आणि नंतरची निगेटिव्ह शेजारी धरून बघता येईल. रोल धुवून आला की कितव्या काडेपेटीचा आकडा सगळ्यात रेखीव आलाय आणि पाचही फ्रेममध्ये तीच आहे का, एवढं मला कळवा. दुधी काचेवरच्या रिंगच्या आकड्यांतला फरकही सोबत लिहा, म्हणजे स्क्रीन किती सरकली असेल याचा हिशोब मी मांडून देईन, तो तुम्ही मेकॅनिकला दाखवू शकाल.